मत्स्यटाकीवरच्या लाकडी झाकणासाठी कोणते लाकूड निवडावे?

नीलतरंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच अशी गोड्या पाण्याची टाकी आहे. आजवर ती वरून उघडीच होती, पण आता त्यात हॅचेटफिश ठेवायचे ठरवले आहे. हे मासे पाण्याच्या पृष्ठभागालगतच वावरतात आणि दचकले की सरळ हवेत झेप घेतात, त्यामुळे झाकणाशिवाय गत्यंतर नाही.

मला पेटीसारखे लाकडी झाकण, म्हणजे कॅनोपी, स्वतःच्या हाताने करायची आहे. उंची २० सेंमी असेल, समोरची फळी बिजागरीवर वर उचलता येईल आणि आत एलईडी दिव्यांच्या दोन पट्ट्या बसतील. सुतारकाम मला बऱ्यापैकी येते, तेव्हा प्रश्न कौशल्याचा नसून लाकडाचा आहे. आतल्या बाजूला अहोरात्र दमट हवा आणि बाहेरच्या बाजूला खोलीची कोरडी हवा, अशा परिस्थितीत वर्षानुवर्षे सरळ राहील असे लाकूड कोणते? १८ मिमी जाडीचे सागवान, पाइन आणि मरीन प्लाय असे तीन पर्याय समोर आहेत. माझा कल सागवानाकडे आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गप्पी

सागवानच घ्या. माझ्या टाकीवर सागवानी झाकण आहे आणि त्याची एकही कड वाकलेली नाही.

रंधा

गप्पी यांचा अनुभव खरा असणार, तरी सागवान घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे हे आधी ठरवायला हवे. सागाच्या खोडाचा गाभा टिकाऊ असतो. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे बुरशी आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. सालीलगतच्या फिकट, पांढुरक्या लाकडात हा गुण नसतो. लहान वयाच्या झाडाच्या फळ्यांमध्ये असा पांढरा पट्टा बराच रुंद असतो. ती फळीही सागवान म्हणूनच विकली जाते, मात्र दमट जागी तिची अवस्था साध्या लाकडासारखीच होते. म्हणून फळी निवडताना दोन्ही कडा आणि दोन्ही टोके पाहावीत, आणि पांढरा भाग असेल तर तो कापून काढण्याची तयारी ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लाकूड ओलावा घेते तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. ही वाढ फळी कशी चिरली आहे त्यावर अवलंबून असते. वर्षवलये फळीच्या पृष्ठभागाला समांतर असतील, तर ती वलये पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हालते. ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसते. आता तुमच्या झाकणाच्या ४५ सेंमी रुंद वरच्या फळीचा हिशेब करा. लाकडातला ओलावा ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला, तर सपाट चिरलेले सागवान त्या रुंदीत सुमारे ५ मिमी फुगते. तांबड्या ओकच्या बाबतीत हाच आकडा साडेसात मिमीच्या पुढे जातो. पाइन या दोघांच्या मधे कुठेतरी बसते.

५ मिमी ऐकायला थोडे वाटतात. पण ती फळी चारही बाजूंनी डिंक आणि स्क्रू लावून जखडली असेल, तर एवढी हालचाल कुठेतरी वाट काढतेच. एक तर फळी मधोमध उभार घेते किंवा कोपऱ्याचा जोड उकलतो. शिवाय आतली बाजू ओली आणि बाहेरची कोरडी असल्यामुळे फळी बाहेरच्या बाजूने खोलगट होऊ पाहते. अखंड लाकूडच वापरायचे असेल, तर वरचा भाग चौकट आणि त्यात खाच पाडून सैल बसवलेली फळी अशा रचनेत करावा. खाचेत फळीला दोन्हीकडे ३-३ मिमी मोकळीक ठेवावी आणि तिथे डिंक लावू नये. दाराच्या तावदानी फळ्या पिढ्यानपिढ्या याच कारणासाठी अशा बसवल्या जातात.

शेवाळ

रंधा यांच्याशी मी सहमत आहे आणि म्हणूनच माझे मत मरीन प्लायला आहे. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आलटूनपालटून आडवेउभे चिकटवलेले असतात. एका थराला फुगायचे असते त्या दिशेला शेजारचा थर त्याला अडवून धरतो, त्यामुळे ४५ सेंमी रुंदीला मिलिमीटरांची चिंता करावी लागत नाही.

मात्र प्लाय म्हणजे सरसकट प्लाय नव्हे. स्वस्त व्यावसायिक प्लायमधला डिंक ओलावा थोडाफारच सोसतो. मरीन प्लायचे थर फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेले असतात. आयएस ७१० या मानकानुसार त्याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळूनही थर सुटता कामा नयेत. इथे एक खुलासा करतो. ही परीक्षा डिंकाची आहे. डिंक टिकला तरी थरांमधले लाकूड कुजू शकते, म्हणून मरीन प्लायलाही सर्व बाजूंनी लेप लागतोच.

माझ्याकडे जुनी टाकी आली ती लाकडी झाकणासह आली होती. झाकण बाहेरून उत्तम दिसत होते. आतून पाहिल्यावर लक्षात आले की फळीचा मधला सपाट भाग जवळजवळ जसाच्या तसा होता, आणि सगळा बिघाड फक्त तीन जागी होता. एक म्हणजे दिव्याच्या पट्टीचे स्क्रू जिथे घुसले होते तिथे वॉर्निशचा पापुद्रा बोटाच्या नखाएवढा सुटला होता आणि त्या भोकापासून लाकडाच्या रेषेने राखाडी-काळा डाग दोन बोटे पुढे सरकला होता. दुसरे म्हणजे बाजूच्या फळीचे खालचे टोक, जे काचेच्या कडेवर टेकत होते, ते मऊ पडून नखाने खरवडता येत होते. तिसरे म्हणजे वायरसाठी मागे पाडलेले भोक. त्याच्या आत कोणी कधी रंग लावलाच नव्हता. हे पाहिल्यापासून माझे मत असे झाले आहे की लाकडाची जात दुय्यम आहे आणि लाकूड जिथे कापले जाते, भोकले जाते, ती प्रत्येक जागा बंद करणे मुख्य आहे.

गप्पी

शेवाळ, झाकणाची टोके कशी बंद केली जातात? तिथे दोन हात जास्त मारले तर पुरेसे होते का?

रंधा

फळीच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे तिथून पाणी पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने आत शिरते. पहिला हात पातळ करून द्यावा, तो पूर्ण शोषला जातो. तो सुकायच्या आत दुसरा द्यावा आणि टोक पिणे थांबेपर्यंत देत राहावे. पृष्ठभागावर तीन हात पुरत असतील, तर टोकाला पाच लागले तरी नवल मानू नये. प्लायच्या चारही कडांना हाच नियम लागू आहे, कारण प्लायच्या प्रत्येक कडेला निम्मे थर टोक बाहेर काढून असतात.

मीनाक्षी

लाकूड टिकण्याची चर्चा छान चालली आहे, पण मासे टिकण्याचा विचारही इथेच व्हायला हवा. लाकडाच्या आतल्या बाजूवर दवबिंदू जमतात, ते लाकडाला धुऊन पुन्हा टाकीत पडतात. लाकडावर किंवा लाकडात जे असेल ते थोडे थोडे पाण्यात उतरते.

वाळवी आणि भुंगेऱ्यांपासून संरक्षणासाठी लाकडावर जी औषधे फवारतात किंवा चोपडतात, त्यांत परमेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके असू शकतात. माणसांना आणि पाळीव कुत्र्यांना ती तुलनेने सौम्य असली, तरी माशांना आणि कोळंबीला अत्यंत अल्प प्रमाणातही घातक ठरतात. दाबाखाली प्रक्रिया केलेल्या हिरवट छटेच्या पाइनमध्ये तांब्याची संयुगे असतात. तांबे गोगलगायी आणि कोळंबी यांचा जीव घेते. रबरवुड मुळात टिकाऊ नसते, म्हणून त्यावर बहुधा बोरॉनची प्रक्रिया केलेली असते आणि ती पाण्यात विरघळते. म्हणून माझी विनंती अशी की लाकूड घेताना ‘औषध मारलेले आहे का’ हा प्रश्न पहिला विचारावा, आणि उत्तर होकारार्थी असेल किंवा नीट मिळत नसेल, तर ते लाकूड या कामासाठी घेऊ नये.

एक उपसूचना. टाकीजवळच्या कपाटाला किंवा भिंतीला नंतर कधी वाळवीचे औषध मारायचे झाले, तर टाकी झाकून हवेचा पंप तात्पुरता बंद ठेवावा. पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो.

नीलतरंग

मीनाक्षीताई, मनापासून आभार. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हताच. शेवाळ, तुमचे निरीक्षण वाचून मी कल बदलण्याच्या विचारात आहे. दोन शंका आहेत. मरीन प्लायवरही संरक्षक प्रक्रिया असते ना? आणि वजनाचे काय? माझी टाकी वरून चौकट नसलेली आहे, म्हणजे झाकणाचा भार थेट काचेच्या कडांवर येणार.

शेवाळ

बऱ्याच मरीन प्लायवर प्रक्रिया असते, हे खरे आहे. म्हणूनच आतला लेप केवळ पाणी लाकडात जाऊ नये म्हणून नव्हे, तर लाकडातले काही पाण्यात येऊ नये म्हणूनही द्यायचा. लेप अखंड असेल तर दोन्ही उद्देश साधतात.

त्रिज्या

वजनाचा हिशेब मी मांडते. पुढची आणि मागची फळी प्रत्येकी १२० गुणिले २०, बाजूच्या दोन ४५ गुणिले २०, वरची १२० गुणिले ४५ सेंमी, असे मिळून १.२ चौरस मीटर होतात. सागवानाची घनता प्रतिघनमीटर ६५० किलो धरली, तर १८ मिमी जाडीत झाकण सुमारे १४ किलो भरेल. पाइन ४५० धरले तर पावणेदहा किलो. प्लायची घनता ६०० धरून जाडी १२ मिमी घेतली, तर साडेआठ किलोच्या आसपास. यात दिवे आणि बिजागऱ्या धरलेल्या नाहीत.

उभ्या काचेला वरून येणारा दाब सहज पेलतो, तेव्हा १४ किलोंनी टाकीला धोका नाही. अट एवढीच की भार चारही काचांवर सारखा पसरावा आणि काचेच्या कडेवर लाकूड किंवा स्क्रूचे डोके थेट टेकू नये. झाकणाच्या आत चौफेर एक पट्टी ठोकावी, ती काचेच्या कडेवर बसेल, आणि पट्टीखाली मऊ सिलिकॉनची किंवा फोमची पट्टी लावावी. वरच्या आडव्या आधारकाचांवर मात्र भार देऊ नये. त्या टाकीच्या लांब काचा बाहेर फुगू नयेत म्हणून असतात, ओझे वाहण्यासाठी नसतात.

खरा प्रश्न तुमच्या हातांचा आहे. टाकी धुताना हे झाकण पूर्ण उतरवावे लागेल. १४ किलोंची १२० सेंमी लांबीची पेटी छातीच्या उंचीवरून काचेला धक्का न लावता एकट्याने उचलणे अवघड जाते. यासाठी तरी १२ मिमी प्लाय योग्य वाटते.

काष्ठवेध

मी वेगळे मत मांडतो. लाकूड कोणते आणि लेप कोणता यावर एवढा विचार करण्यापेक्षा दमट हवा लाकडापर्यंत पोहोचूच देऊ नये. टाकीच्या कडांना आतून आधार देऊन त्यावर ४ मिमी जाडीच्या काचेचे दोन सरकते तुकडे ठेवा, आणि लाकडी पेटी त्याच्या वर नुसती शोभेला आणि दिव्यांसाठी ठेवा. मग ती पाइनची असली तरी चालते. हॅचेटफिशसाठी तर हेच उत्तम, कारण हे मासे बोटभर फटीतूनही निसटतात आणि लाकडी पेटीच्या आतल्या पोकळीत अडकून पडले तर तुम्हाला कळतही नाही.

शेवाळ

काष्ठवेध, माशांच्या दृष्टीने तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. पण काच पाण्याच्या थेंबांनी आणि त्यातल्या क्षारांनी आठवड्याभरात धुरकट होते आणि वनस्पतींना मिळणारा प्रकाश कमी होतो. ती वारंवार पुसावी लागते. शिवाय अन्न टाकायला आणि पाइप आत न्यायला कोपरे कापावेच लागतात, आणि तिथून वाफ वर येतेच. काच असली म्हणजे लेपात कसर केली तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहिले.

काष्ठवेध

लेपात कसर करावी असे मी म्हटलेले नाही. काचेमुळे लाकडावरचा ताण पुष्कळ कमी होतो, एवढेच माझे म्हणणे आहे. क्षारांचा थर सौम्य व्हिनेगरने पुसला की जातो, आणि ते काम आठवड्याच्या पाणीबदलाबरोबरच उरकते.

अंगणवेल

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्याकडे जुन्या दाराचे सागवान पडून आहे, आणि सामानाच्या खोक्यांच्या पाइनच्या पट्ट्याही आहेत. यांपैकी काही या कामाला येईल का?

रंधा

जुन्या दाराचे सागवान उत्तम. अनेक वर्षे वाळून ते स्थिर झालेले असते आणि बहुधा चांगल्या गाभ्याचे असते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्यावर जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. रंग काढण्याच्या रसायनाने तो मऊ करून खरवडावा आणि नंतर रंधा मारावा. तसेच त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, ते चुंबकाने शोधून काढावेत, म्हणजे रंध्याचे पाते वाचते.

सागवान चिकटवताना आणखी एक काळजी. त्याच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही. जोडायच्या जागा नुकत्याच रंधलेल्या असाव्यात आणि डिंक लावण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्याव्यात. साधा पांढरा डिंक दमट जागी मऊ पडतो, म्हणून डबीवर डी ३ किंवा डी ४ अशी पाणीरोधक श्रेणी लिहिलेला डिंक किंवा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ, घ्यावी.

मीनाक्षी

अंगणवेल, खोक्यांच्या पट्ट्यांवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ तापवून निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते टाळावे. मात्र ‘एचटी’ शिक्क्याच्या लाकडावरही वाहतुकीत काय काय सांडले असेल हे कोणालाच सांगता येत नाही. मी स्वतः अशी पट्टी टाकीच्या वर वापरणार नाही, खालच्या स्टँडच्या मागच्या भागाला वापरेन.

वडाचीपारंबी

लेपासाठी जवसाचे तेल का नको? ते नैसर्गिक आहे, त्यात कोणतेही उग्र रसायन नाही आणि लाकडाचा रंग सुंदर खुलतो.

रंधा

बाहेरच्या बाजूला हवे तर लावा. आतल्या बाजूला जवसाचे तेल पाण्याची वाफ फारशी अडवत नाही आणि सतत दमट राहिलेल्या तेलावर बुरशी काळे ठिपके धरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून एका जागी ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. लाखेचे पॉलिशही आत नको, ते ओलाव्याने पांढरे पडते.

शेवाळ

आतून मी द्रावकविरहित, दोन भागांची इपॉक्सी सुचवतो. ती सर्वांत घट्ट बसते. पहिला हात लावताना लाकडाच्या छिद्रांतली हवा तापून वर येते आणि लेपात सूक्ष्म बुडबुडे राहतात, आणि प्रत्येक बुडबुडा पुढे पाण्याला वाट देतो. यावर उपाय सोपा आहे. फळी आधी उबदार जागेत ठेवावी आणि संध्याकाळी तापमान उतरू लागल्यावर लेप द्यावा. लाकूड थंड होत असताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. दुसऱ्या हाताआधी पृष्ठभाग पाण्याने पुसून पॉलिश पेपरने हलका घासावा, कारण काही इपॉक्सींवर वाळताना मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा हात धरत नाही.

त्यावर पांढरा पॉलियुरेथेन रंग दिला तर प्रकाश खाली परावर्तित होतो, वनस्पतींना लाभ होतो, आणि कुठे काळा डाग उमटू लागला तर तो लगेच नजरेस पडतो. हा शेवटचा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गडद रंगाच्या लाकडावर बिघाड फार उशिरा दिसतो.

मीनाक्षी

आणि लेप वाळला म्हणजे तो तयार झाला असे नव्हे. हाताला कोरडा लागला तरी त्यातून द्रावकांची वाफ काही काळ निघत राहते. डबीवर पूर्ण पक्का होण्याचा जो कालावधी दिलेला असतो, तो पाळावा, आणि पेटी उघडी ठेवून नाक आत घातल्यावर अजिबात वास येत नसेल तेव्हाच ती टाकीवर चढवावी. गुरामी आणि फायटर यांसारखे मासे पाण्याच्या वरची हवा थेट श्वासात घेतात, त्यांच्या बाबतीत तर घाई मुळीच नको.

सागरशिंपला

खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. बुडबुडे फुटताना मिठाचे तुषार उडतात आणि सुकून कडांवर पांढरी खपली धरतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे त्याखालचे लाकूड कधीच कोरडे होत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ श्रेणीच्या स्टेनलेस पोलादाच्याच घ्याव्यात. गोड्या पाण्याला ३०४ चालते. पितळेच्या बिजागऱ्या दिसायला सुरेख असतात, पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्या हिरव्या पडल्या की थेंबाबरोबर तांबे टाकीत उतरते, आणि ताईंनी वर सांगितले तेच संकट ओढवते. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात साधा लोखंडी स्क्रू लावला तर त्याभोवती शाईसारखा काळा डाग उठतो, तो लेपाखालूनही दिसतो.

त्रिज्या

हवा खेळती ठेवण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. झाकण पूर्ण बंद केले तर आतली हवा संपृक्त होते आणि पाण्यापेक्षा थंड असलेल्या वरच्या फळीवर पाणी जमते. मागच्या फळीत वरच्या अंगाला लांबट खाच ठेवावी, आणि शक्य असेल तर १२ व्होल्टचा छोटा संगणकी पंखा बसवावा. हॅचेटफिशसाठी त्या खाचेवर आतून प्लास्टिकची बारीक जाळी लावावी.

याचा दुसरा परिणामही समजून घ्यावा. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोजूल उष्णता लागते. नीलतरंग यांची टाकी काठोकाठ भरली तर २७० लिटरची आहे. बाहेरून उष्णता मिळाली नाही असे धरले, तर १ लिटर वाफ होताना तिचे पाणी साधारण २ अंशांनी गार होते. उन्हाळ्यात हे वरदान आहे, थंडीत हीटरवरचा भार आहे. म्हणून पंख्याला स्वतंत्र बटण असावे.

शेवाळ

पंखा, दिवे आणि पाणी एकत्र येत आहेत, तेव्हा विजेचे दोन नियम. दिव्यांचा वीजपुरवठा करणारा ड्रायव्हर झाकणात न ठेवता बाहेर कोरड्या जागी ठेवावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोलातून खाली पडते, सॉकेटमध्ये जात नाही. ३० मिलिअँपिअर वीज गळताच तुटणारा सुरक्षा स्विच त्या लाइनवर असायलाच हवा.

वडाचीपारंबी

मग लाकडाचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा पीव्हीसी फोम बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, घेतले तर?

रंधा

एमडीएफ या कामाला सर्वस्वी अयोग्य आहे. लेपाला एक ओरखडा पडला की कड फुगते आणि ती पुन्हा बसत नाही. पीव्हीसी बोर्ड कुजत नाही हे खरे, पण तो लांब अंतरावर मधे झोल खातो, दिव्याच्या उष्णतेने आणखी मऊ होतो आणि बिजागरीचे स्क्रू त्यात फार काळ घट्ट राहत नाहीत. ६० सेंमीच्या लहान टाकीला तो चालेल. १२० सेंमीला त्यात लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा घालावा लागेल, मग लाकूड टाळून काय साधले?

नीलतरंग

सर्वांचे विचार वाचून माझा आराखडा असा झाला आहे. सागवानाचा हट्ट सोडला. पेटी १२ मिमी मरीन प्लायची, आतून इपॉक्सीवर पांढरा पॉलियुरेथेन, बाहेरून सागाचे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवायचा पातळ थर, आणि कडांना सागाच्या पट्ट्या. बिजागरी स्टेनलेसची, पूर्ण लांबीची. टाकीवर काष्ठवेध यांनी सांगितल्याप्रमाणे सरकत्या काचा, मागे जाळी लावलेली खाच. यात काही उणे राहिले आहे का?

काष्ठवेध

आराखडा चांगला आहे. एक भर घालतो. पेटीची खालची कड काचेच्या बाहेरून २-३ सेंमी खाली उतरते ना, तिथे आतून ओघळलेले पाणी कडेला वळसा घालून बाहेरच्या व्हिनियरवर चढते. खालच्या कडेच्या तळाला आतल्या बाजूजवळ ३ मिमी रुंदीची लांबट खाच पाडली, तर थेंब तिथेच सुटतो. आणि पेटीचे आतले माप काचेच्या बाहेरच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला किमान ३ मिमी मोठे ठेवा, कारण लेपांची जाडी आणि व्हिनियर धरून ते कमी होते.

गप्पी

सागवान गेले याचे मला वाईट वाटते. माझ्या झाकणाची वरची फळी चौकटीतच बसवलेली आहे हे मी आजच पाहिले, तेव्हा रंधाकाकांचे म्हणणे पटले.

रंधा

गप्पी, तुमचे झाकण ज्याने केले त्याला लाकूड कळत होते. नीलतरंग, व्हिनियर फक्त बाहेरून लावले तर प्लायचा तोल बिघडतो आणि फळी एका बाजूला ओढली जाते. पातळ व्हिनियरचा परिणाम १२ मिमी जाडीवर थोडा असतो, तरी वरच्या फळीला आतून त्याच जाडीचे कोणतेही साधे व्हिनियर त्याच दिशेने चिकटवा आणि मग त्यावर इपॉक्सी द्या.

नीलतरंग

तसे करतो. पाइपच्या, वायरच्या आणि पंख्याच्या खाचा पेटी जोडल्यावर पाडू की आधी?

शेवाळ

सगळे कापणे आणि भोके लेपाच्या आधी. दिव्यांच्या आणि बिजागरीच्या स्क्रूंची भोके थोडी मोठी पाडा, त्यांत घट्ट इपॉक्सी भरा, ती पक्की झाल्यावर तिच्या मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू लावा. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. खाचांच्या आतल्या कडांना ब्रश पोहोचत नसेल तर कापडाच्या पट्टीने इपॉक्सी ओढून घ्या. पेटी टाकीवर चढवण्याआधी आतून विजेरी फिरवून प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक भोक एकदा पाहा, आणि कुठेही लाकडाचा मूळ रंग दिसला तर तिथे आणखी एक हात द्या.